उत्तराचा रकाना

१

दुपारचे चार वाजले की थोरली हातातलं काम बाजूला सारायची, चष्मा पुसायची आणि खुर्ची ओढून बाबांच्या पलंगाशी बसायची. मग तासभर वाचन. काय वाचायचं याला धरबंध नव्हता. स्पीच थेरपीला येणाऱ्या बाईंनी सांगून ठेवलं होतं, "वर्तमानपत्र वाचा, औषधाच्या बाटलीवरचा मजकूर वाचा, काहीही चालेल. कानांवर भाषा पडत राहिली पाहिजे."

थोरलीला सगळे थोरलीच म्हणत. धाकट्या भावाला नोकरीनं परदेशात नेलं होतं, लग्न करायचं तिच्याकडून राहून गेलं होतं, आणि बावन्नाव्या वर्षी ती बाबांसोबत तीन खोल्यांच्या या घरात होती. छापखान्यातून मुद्रितांचे गठ्ठे यायचे, ते ती घरी बसून तपासायची. तीस वर्षांच्या या कामानं तिला एक खोड जडली होती. ती अर्थाकडे न बघता अक्षरं बघायची. अर्थात गुंतलं की चुका हातातून निसटतात, असं ती नवशिक्यांना सांगायची.

बाबा जन्मभर शाळेत भूगोल शिकवत आले. बोलायला लागले की समोरच्याच्या चहावर साय धरायची. आठ महिन्यांपूर्वी एका सकाळी दाढी करता करता त्यांचं उजवं अंग गेलं आणि त्यासोबत वाचाही. आता ते उशीला टेकून बसत, डावा हात चादरीवर फिरवत आणि बघत राहत. त्यांना काय हवं, काय नको, ते थोरलीच सगळ्यांना सांगायची. बाबांना उकडतंय. बाबांना आज भेटायचं नाही. बाबांना दुसरी उशी हवी. पाहुणे म्हणायचे, "तुला बरं कळतं गं सगळं." ती म्हणायची, "सवयीनं कळतं."

खरं म्हणजे अर्ध्या वेळा ती ठोकून द्यायची. कोणीतरी काहीतरी ठरवायला हवंच होतं.

२

पुढच्या वैशाखात बाबांना ऐंशी पूर्ण होणार होती. तोवर घराण्याचा इतिहास छापून काढायचा, ही टूम धाकट्याची. तिकडे बसून त्याला पूर्वजांचा उमाळा आला होता. "ताई, तुझ्यासारखी मुद्रितं तपासणारी घरात असताना बाहेर कशाला जायचं?" तो फोनवर म्हणाला. "निदान पणजोबांवर तरी एक प्रकरण हवंच."

पणजोबा म्हणजे बाबांचे आजोबा. घराण्यातला एकुलता एक नावाजलेला माणूस. गोऱ्यांच्या राज्यात ते कोर्टात दुभाषी होते. साहेबाला इथली भाषा येत नसे, आणि साक्षीपुराव्याला आलेल्यांना साहेबाची. दोघांच्या मधे पणजोबा उभे राहत. त्यांना सात भाषा येत होत्या, अशी घरात पिढ्यानपिढ्या बढाई होती. कपाटावरच्या पत्र्याच्या पेटीत त्यांची सगळी पुंजी होती: साहेबानं दिलेलं प्रशस्तिपत्र, त्यांनी स्वतःच्या धाकट्या भावाला धाडलेली वीसेक पत्रं, एक पिवळा पडलेला फोटो. फोटोत ते ताठ उभे होते, एक हात पुढे, जणू कोणाला तरी "थांब, मी सांगतो" म्हणताहेत.

पेटीच्या तळाला एक वही सापडली. प्रत्येक पानावर मधोमध रेघ. डावीकडे प्रश्न, उजवीकडे उत्तराचा रकाना. पणजोबांनी बहुधा घरून तयारी करून न्यायला ती केली असावी, कारण प्रश्न सुंदर अक्षरात लिहिलेले होते आणि एकाही पानावर उत्तर नव्हतं. वरच्या कोपऱ्यात एवढंच लिहिलं होतं, "डोंगराकडील इसम. खुनाचा मुकदमा."

थोरलीनं चार वाजता तीच वही वाचायला घेतली. अक्षर लागतंय का ते बघायचं होतं, आणि बाबांना त्यांच्या आजोबांचं काही ऐकायला मिळेल, एका दगडात दोन पक्षी.

"तुझे नाव काय?" ती वाचू लागली. "तुझ्या बापाचे नाव काय? तू कोणत्या गावी राहतोस?"

चौथा प्रश्न होता, "तू मयतास ओळखत होतास काय?"

"ओंदा केले हुमी," बाबा म्हणाले.

वही तिच्या मांडीवरून घसरली. आठ महिन्यांत त्यांच्या तोंडून कण्हण्यापलीकडे काही निघालं नव्हतं.

"बाबा, काय म्हणालात?"

ते तिच्याकडे बघत राहिले. तिनं वही उचलली आणि तोच प्रश्न पुन्हा वाचला.

"ओंदा केले हुमी."

तेच शब्द, तोच हेल. शेवटचा स्वर किंचित वर चढवलेला. आवाज बाबांचाच होता, घोगरा आणि खालच्या पट्टीतला. पण जन्मभर त्यांचं बोलणं ऐकलेल्या कानांना वाटलं, ही चाल बाबांची नाही.

३

थेरपीच्या बाई खूश झाल्या. "असं होतं," त्या म्हणाल्या. "एकच ठरावीक वाक्य तोंडात बसतं. कधी त्याला अर्थ असतो, कधी नुसते आवाज असतात. पण वाक्याचा सांगाडा आला, ही फार चांगली खूण. कशामुळे बोलतात ते सोडू नका."

त्यामुळे थोरलीनं सोडलं नाही. रोज चारला वही. तिनं पंचांग वाचून पाहिलं, बाबांचे जुने भूगोलाचे धडे वाचून पाहिले, धाकट्याची ईमेल वाचली. बाबा गप्प. वहीतले प्रश्न सुरू झाले की मात्र उत्तर यायचं. प्रत्येकाला तेच. कुऱ्हाड कोणाची? ओंदा केले हुमी. त्या दिवशी तू कुठे होतास? ओंदा केले हुमी.

"केले म्हणतायत ना?" धाकटा फोनवर म्हणाला. तिनं आवाज ध्वनिमुद्रित करून त्याला पाठवला होता. "मधे स्पष्ट ऐकू येतंय. 'केले मी' असं काहीतरी."

"हो," थोरली म्हणाली. तिलाही तसंच ऐकू येत होतं.

मग त्यानं मुद्द्याला हात घातला. शहराबाहेरच्या शुश्रूषा केंद्रात एक जागा रिकामी होणार होती. चोवीस तास नर्स, व्यायामाची सोय. "तुझी पाठ गेलीय, ताई. किती दिवस उचलशील त्यांना? पण तिथले डॉक्टर आधी घरी येऊन रुग्णाची स्वतःची संमती विचारतात. त्यांचा नियमच आहे. बाबांची तयारी आहे का? विचारलंस?"

थोरलीनं पलंगाकडे पाहिलं. बाबांनी पापणी मिटून उघडली, माशी हाकलावी तशी.

"विचारलं," ती म्हणाली. "हो म्हणाले."

फोन ठेवल्यावर तिला दिसलं की बाबा तिच्याकडेच बघत होते. डोळ्यांत नाही. ओठांकडे.

४

त्यानंतरच्या आठवड्यात एका दुपारी ती बाहेरच्या खोलीत टेबलाशी बसली होती. पुस्तकासाठी वहीतले प्रश्न उतरवून घ्यायचे म्हणून तिनं वही समोर ठेवली होती. मधलं दार लोटलेलं. घरात फक्त फ्रिजची घरघर. ती आपल्या नेहमीच्या पद्धतीनं एकेका अक्षरावर पेन्सिलीचं टोक ठेवत, मनातल्या मनात वाचत चालली होती.

'तुझे व मयताचे वैर होते काय?'

आतून आवाज आला, "ओंदा केले हुमी."

तिनं पेन्सिल उचलली. योगायोग, तिनं स्वतःला सांगितलं. अडकलेलं वाक्य आहे, कधीही येईल. ती थांबली. पाच मिनिटं गेली. दहा गेली. आत सगळं चिडीचूप. तिनं पेन्सिल पुढच्या ओळीवर टेकवली.

'वार कितीदा केलास?'

"ओंदा केले हुमी."

तिनं मुद्दाम एक प्रश्न अर्ध्यावर सोडला. आतून काही आलं नाही. तिनं तो पुरा केला. आलं.

तिला उठून आत जायचं धाडस होईना. स्वतःच्या बापाच्या खोलीत जायला कसली भीती, असं ती मनाशी म्हणाली, आणि तरीही वही मिटून, हात मांडीत धरून उजेड कमी होईपर्यंत ती तिथेच बसून राहिली. शेवटी बाबांच्या औषधाची वेळ टळायला लागली तेव्हा तिनं दार ढकललं.

बाबा पाठीला उशी नसताना ताठ बसले होते. त्यांचा उजवा हात, जो आठ महिने लाकडासारखा पडून होता, डाव्या मनगटावर ठेवलेला होता. दोन्ही मनगटं एकावर एक, पोटाशी. बांधल्यासारखी.

ती जवळ गेली तसा उजवा हात सुटून गादीवर पडला आणि पुन्हा लाकूड झाला.

५

ज्याचं अर्धं ठाऊक आहे ते पुरतं ठाऊक झालेलं बरं, या विचारानं थोरली जुन्या कोर्टाच्या दप्तरखान्यात गेली. बाबांपाशी शेजारच्या काकूंना बसवलं. दप्तरखाना तळघरात होता. तिथला दप्तरदार निवृत्तीला टेकलेला माणूस होता, नाकावर रुमाल बांधून फिरणारा.

"आमच्याकडे माणसं कमी आणि वाळवी जास्त," तो म्हणाला. "पण दुभाष्याचं नाव आहे म्हणताय, तर सापडेल. वाळवीला नावं आवडत नाहीत."

तिसऱ्या दिवशी त्यानं मुकदम्याच्या कागदांची नक्कल तिच्या हातात ठेवली. चौदा पानं. थोरली तिथेच, जिन्याखालच्या बाकावर बसून वाचू लागली. प्रश्न ओळखीचे होते, वहीतलेच. पण इथे उत्तराचा रकाना भरलेला होता.

आणि काय भरलेला होता. डोंगराकडचा तो माणूस धो धो बोलला होता. मयताशी बांधावरून वैर कसं पडलं, कुऱ्हाड कुठून आणली, मन कसं पेटलं, सगळं ओळीनं. 'दिवस कलता मी निघालो. माझे मन थाऱ्यावर नव्हते. मागचा पुढचा विचार न करिता वार केला.' प्रत्येक उत्तराच्या सुरुवातीला दुभाष्याची खूण होती, 'आरोपी म्हणतो की'. आणि शेवटच्या पानावर, 'आरोपीस विचारले, गुन्हा कबूल आहे काय. आरोपी होय म्हणतो.' खाली दुसऱ्या शाईत एक ओळ, फाशीची अंमलबजावणी झाल्याची. अकरा दिवसांनंतरची तारीख.

थोरलीनं पानं पुन्हा पहिल्यापासून वाचली. यावेळी अर्थ न बघता अक्षरं. 'दिवस कलता.' 'मन थाऱ्यावर नव्हते.' 'मागचा पुढचा विचार न करिता.' तीस वर्षं दुसऱ्यांची वाक्यं तपासून तिला लिहिणाऱ्याची ढब ओळखता येत होती. ही ढब कुठल्या कुऱ्हाडवाल्याची नव्हती. पेटीतल्या वीस पत्रांत ती जागोजाग होती. आजारी मुलाबद्दल लिहितानाही पणजोबांचं मन थाऱ्यावर नसायचं, आणि ते गावाला निघायचे तेही दिवस कलताच.

"सापडलं हवं ते?" दप्तरदारानं विचारलं.

"सापडलं," ती म्हणाली. तिनं पानं पिशवीत घातली.

६

घरी आली तर शेजारच्या काकू दारातच उभ्या होत्या. बाबांना पुसून घ्यायला एजन्सीनं नवीन मावशी पाठवली होती, पहिली सोडून गेली होती म्हणून. नवी मावशी चाळिशीची, हाडापेरानं मजबूत. आत तिचं कामही सुरू झालं होतं.

काकू गेल्या. थोरली चपला काढत होती तेवढ्यात आतून मावशी आली, ओल्या हातांनी, हसऱ्या तोंडानं.

"ताई, आजोबा आमचं बोलणं कुठं शिकले?"

"कुठलं बोलणं?"

"आमचं. डोंगराकडचं. माझी आजी बोलायची. ती गेल्यावर मी कुणाच्या तोंडून ऐकलं नाही, आज एकदम यांच्या तोंडून. अंगावर काटाच आला."

थोरलीनं दुसरी चप्पल तशीच पायात ठेवली. "काय म्हणाले ते?"

"ओंदा केले हुमी."

"त्यात केलं म्हणतायत ना? केलं मी?"

"नाही हो. केले म्हणजे कळणं. 'तुम्ही काय विचारताय ते मला कळत नाही.' एवढंच. मी पाठ वळवायला सांगत होते, त्यावर म्हणाले. मला वाटलं थट्टा करतायत."

पिशवीत चौदा पानं होती. त्या चौदा पानांतल्या प्रत्येक प्रश्नाला त्या माणसानं हे एकच उत्तर दिलं होतं. मधे उभ्या असलेल्या, सात भाषांच्या बढाईला जपणाऱ्या पणजोबांना त्यातला 'केले' हा एक आवाज ओळखीचा वाटला, आणि मला ही बोली येत नाही, एवढं म्हणण्यापेक्षा त्यांनी उरलेलं सगळं रचलं.

"मावशी," ती म्हणाली, "तुम्हाला बोलता येतं का ते?"

"मोडकंतोडकं."

"त्यांना सांगा. तुझं बोलणं कळलं म्हणावं."

मावशीला त्यात काही वावगं वाटलं नाही. ती आत गेली, पलंगाच्या कडेला टेकली आणि काहीतरी म्हणाली. चारपाच शब्द. बाबांचं तोंड तिच्याकडे वळलं. थोरलीनं दारातून पाहिलं, त्यांच्या चेहऱ्याच्या मेलेल्या बाजूलाही हालचाल झाली होती. आणि ते बोलायला लागले. अडखळत नाही, शोधत नाही. खूप दिवस दाबून ठेवलेलं माणूस बोलतं तसं, हलक्या आवाजात, घाईघाईनं. डोळ्यांतून पाणी गळत होतं. दोन्ही मनगटं जोडून ते मावशीपुढे धरत होते.

मावशीचं हसू हळूहळू उतरलं. ती उठली, दोन पावलं मागे आली.

"काय म्हणतायत?" थोरलीनं विचारलं.

"ताई, हे आजोबा नाहीत बोलत."

"मला माहीत आहे. काय म्हणतो तो?"

मावशीनं पलंगाकडे पाहिलं. "विचारतोय, काम झालं असेल तर मी जाऊ का. म्हणतोय, इथं का आणलं ते कुणी सांगितलं नाही. घरी बायको अवघडलेली आहे आणि गाय सकाळपासून बांधलेली आहे. चालायला लागलो तर अंधारापर्यंत पोचेन." ती पदराला हात पुसत राहिली, कोरडे झाले तरी. "मी त्याला काय सांगू, ताई? तुम्हीच सांगा काय सांगू."

मावशीनं आपली पिशवी उचलली. दारात तिनं एकदाच मागे वळून आतल्या खोलीकडे बघितलं आणि जिना उतरून गेली. संध्याकाळी एजन्सीचा फोन आला, की त्या आता त्या घरी जायचं नाही म्हणतात.

७

शुश्रूषा केंद्राचे डॉक्टर दुसऱ्या दिवशी अकराला आले. थोरली रात्रभर जागी होती आणि पहाटे तिचं ठरलं होतं. बाबांना कुठे पाठवायचं नाही. निदान कोणी विचारलं तर खरं सांगायचं, की त्यांना काय हवंय ते मला माहीत नाही. आजवर कधीच माहीत नव्हतं. हे वाक्य तिनं चहा करताना दोनदा पुटपुटून पाहिलं होतं. धाकट्याला काय वाटायचं ते वाटो.

डॉक्टर तरुण होते, मऊ बोलणारे. त्यांनी खुर्ची घेतली आणि पॅडवर अर्ज लावला. पलंगाच्या एका बाजूला ते, समोर बाबा. थोरली उभीच राहिली. आपण दोघांच्या बरोबर मधे उभ्या आहोत हे तिच्या उशिरा ध्यानात आलं. बाजूला व्हावं म्हणून तिनं पाय उचलायला पाहिला. पाय उचलला गेला नाही.

"आजोबा," डॉक्टर म्हणाले, "आमच्याकडे राहायला यायचं म्हणतायत घरचे. तुमची स्वतःची मर्जी आहे का? कुणी जबरदस्ती करत नाही ना? निवांत सांगा."

बाबा डॉक्टरांकडे बघत होते. भुवया एकत्र आल्या होत्या. शिक्षकाच्या त्या चेहऱ्यावर इतका अनोळखी, इतका नम्र गोंधळ थोरलीनं कधी पाहिला नव्हता. त्यांची मनगटं एकमेकांवर आली.

"ओंदा केले हुमी."

"काय म्हणाले?" डॉक्टरांनी वर न बघता विचारलं. पेन अर्जावर टेकलेलं होतं.

थोरलीनं तोंड उघडलं. वाक्य तयार होतं. जिभेच्या टोकावर होतं. तिला जाणवलं, आपला उजवा हात पुढे आलाय, तळवा किंचित वर, थांबा मी सांगते म्हणावं तसा. आणि तिच्या स्वतःच्या आवाजात, सराईतपणे, अजिबात न अडखळता तिला ऐकू आलं:

"होय म्हणतो."

डॉक्टरांनी चमकून वर पाहिलं. बापाला कोणी असं एकेरी म्हणत नाही. पण मुलगी थकलेली दिसत होती, डोळे सुजलेले होते, आणि त्यांना अजून दोन घरं करायची होती. त्यांनी चौकोनात खूण केली.

"आणखी काही म्हणायचंय का त्यांना?"

"नाही," ती म्हणाली. हेही तिनं म्हटलं नव्हतं. "बाकी काही म्हणत नाही."

डॉक्टर अंगठा घेण्यासाठी शाईची डबी काढू लागले. बाबांनी त्यांच्याकडे बघणं सोडलं होतं. ते थोरलीच्या ओठांकडे बघत होते, मान थोडी पुढे करून, सगळं लक्ष एकवटून. काहीतरी ठरलं होतं एवढं त्यांना कळलं होतं. काय ठरलं, ते आता ही आपल्याला सांगेल, म्हणून ते वाट बघत होते.